नोट आणि क्यूआर : भारतीय रोखीची एकशे साठ वर्षे

भारतात कागदी नोट सरकारी झाली ती १८६१ साली. त्याआधी बँक ऑफ बेंगाल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या तीन इलाखा बँका आपापल्या नोटा काढत. १८६१ च्या पेपर करन्सी कायद्याने तो अधिकार हिंदुस्थान सरकारने स्वतःकडे घेतला आणि राणी व्हिक्टोरियाच्या चित्राच्या नोटा बाजारात आल्या. त्या इंग्लंडमध्ये छापून बोटीने येत. छपाई एकाच बाजूला असे, दुसरी बाजू कोरी. सर्वांत लहान नोट दहा रुपयांची होती आणि एवढी रक्कम शेतमजुराच्या हाती महिनाभर राबूनही येत नसे. त्यामुळे ही नोट सामान्य माणसाची नव्हतीच. त्याचा व्यवहार तांब्याच्या पैशात आणि चांदीच्या रुपयात चाले. नोट फिरे ती पेढीवाले, व्यापारी, सरकारी खजिने आणि मोठे जमीनदार यांच्यात.

तिथेही तिला मोकळीक नव्हती. देशाचे चलनासाठी वेगवेगळे विभाग पाडले होते. एका विभागातली नोट त्या विभागातच कायदेशीर मानली जाई आणि तिच्या बदल्यात चांदी हवी तर त्याच विभागाच्या कचेरीत जावे लागे. मुंबईची नोट कलकत्त्यात वटवायची तर सराफ बट्टा कापून घेत. टपालातून नोटा पाठवताना चोरीची भीती असे, म्हणून व्यापाऱ्यांनी एक युक्ती काढली होती. नोट मधोमध फाडायची, अर्धा भाग आधी पाठवायचा, तो पोहोचल्याची चिठ्ठी आली की उरलेला अर्धा रवाना करायचा. पलीकडचा माणूस दोन्ही तुकड्यांवरचे नंबर जुळवून ते चिकटवी. असे जोडलेले तुकडे आज नाणेसंग्राहकांकडे पाहायला मिळतात. दुसरा तुकडा हातात पडेपर्यंत अर्धी नोट कवडीमोलाची असते, हे चोरालाही कळत होते.

या विभागांच्या भिंती पडायला जवळजवळ अर्धे शतक गेले. १९०३ साली पाच रुपयांची नोट आणि १९१० व १९११ साली दहा, पन्नास व शंभरच्या नोटा देशभर चालू लागल्या. आज ज्या नोटेला आपण सर्वांत जुने आणि सर्वांत भरवशाचे साधन समजतो, तिला तो भरवसा कमवायला दोन पिढ्या लागल्या. इलेक्ट्रॉनिक व्यवहारांपुढे रोख टिकेल की नाही, या प्रश्नाकडे पाहताना हा इतिहास विसरून चालत नाही.

पैसा दूर पाठवण्याच्या कामात तर नोट कधीच पुढे नव्हती. ते काम हुंडीचे. नाशिकच्या पेढीवर रक्कम भरायची आणि काशीच्या पेढीवर हुंडी दाखवून ती घ्यायची. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटे, मुदती हुंडीला ठरलेले दिवस थांबावे लागे. दोन्ही पेढ्यांचा हिशेब पुढे सावकाश भागवला जाई, आणि यात्रेकरूला अंगावर पैसा बाळगून चोर-दरोडेखोरांच्या वाटेने जावे लागत नसे. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि हीच सोय गरिबाच्या दारापर्यंत आली. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेले कामगार पगार झाला की पोस्टात जात आणि तिथे पैसे भरत. काही दिवसांनी गावचा पोस्टमन घरी येऊन तितकेच पैसे मोजून देई, अंगठा किंवा सही घेई आणि मनीऑर्डरच्या तळाशी लिहिलेले चार शब्द वाचूनही दाखवी. गावातल्या कित्येक घरांचा संसार या पैशावर चाले.

मुंबईत भरलेला रुपया गावाला जात नसे, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. जात असे फक्त एक छापील फॉर्म. मुंबईचे पोस्ट रोख घेई, गावचे पोस्ट आपल्या तिजोरीतून रोख देई आणि टपाल खाते आपल्या वहीत जमाखर्च मांडी. दोन्ही टोकांना रोख आणि मधे फक्त माहिती, असा हा व्यवहार होता. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत बदलत गेली ती ही दोन टोके. आधी एका टोकाची रोख गेली आणि मग दुसऱ्या.

पहिल्या महायुद्धाने कागदी नोट सामान्य माणसाच्या हातात आणली आणि तीही नाइलाजाने. युद्धामुळे चांदी महाग झाली, रुपयाच्या नाण्यातल्या चांदीची किंमत रुपयाला ओलांडू लागली आणि लोक नाणी साठवू किंवा वितळवू लागले. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची नोट काढली. त्यावर पंचम जॉर्जच्या रुपयाचेच चित्र होते, कागदाला नाण्याची आठवण राहावी म्हणून. जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांचीही नोट आली. लोकांचा कागदावर विश्वास बसला नाही. १९१८ साली चलन कचेऱ्यांपुढे नोटा देऊन चांदी मागणाऱ्यांची गर्दी उसळली आणि सरकारी साठा झपाट्याने आटला. अखेर अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातली चांदी ब्रिटनला विकायला काढली. ती हिंदुस्थानात आणून रुपये पाडले, तेव्हा कुठे नोटांची पत सावरली. नोटेमागे चांदी असावी की सरकारचा शब्द पुरे, यावर पुढे मोठा वाद झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली याच वातावरणात आला आणि चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. या आयोगाच्या शिफारशीनंतर काही वर्षांनी, १ एप्रिल १९३५ रोजी, रिझर्व्ह बँक अस्तित्वात आली.

दरम्यान नोटांची छपाई देशात आली होती. १९२८ साली नाशिक रोडच्या छापखान्यात पाच रुपयांची नोट छापली गेली आणि १९३२ पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा नाशिकलाच छापल्या जाऊ लागल्या. नाशिक जिल्ह्यातल्या कित्येक घरांत दोन-तीन पिढ्या 'प्रेस'मध्ये नोकरीला होत्या. रोखीच्या भवितव्याची चर्चा तिथे केवळ अर्थशास्त्राची राहत नाही.

नोट आपली म्हणून स्वीकारली गेल्यावर तिच्यावर पहिला घाला घातला तो सरकारनेच. १२ जानेवारी १९४६ रोजी पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा वटहुकूम काढून रद्द झाल्या. युद्धकाळात काळ्या बाजारात कमावलेला पैसा बाहेर काढायचा, असा हेतू होता. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते आणि बँकेला या योजनेबद्दल फारसा उत्साह नव्हता. सुमारे १४४ कोटी रुपयांच्या नोटांपैकी १३५ कोटींच्या आसपास परत आल्या, फक्त नऊ कोटींच्या आल्या नाहीत. १९५४ साली हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा पुन्हा निघाल्या आणि १६ जानेवारी १९७८ रोजी मोरारजी देसाई सरकारने त्या पुन्हा बाद केल्या. तेव्हाचे गव्हर्नर आय. जी. पटेल यांचाही या उपायावर विश्वास नव्हता. दोन्ही वेळा सामान्य माणसाला झळ लागली नाही, कारण हजाराची नोट त्याने पाहिलीही नव्हती. मात्र काळा पैसा नोटांच्या थप्पीत फार काळ बसून राहत नाही, तो सोने, जमीन आणि मालात जातो, हा धडा १९४६ सालीच मिळाला होता आणि तो पुढे कोणी मनावर घेतला नाही.

इलेक्ट्रॉनिक व्यवहारांची सुरुवात भारतात ऐंशीच्या दशकात झाली. १९८६ साली मुंबईत चेकची क्लिअरिंग यंत्राने होऊ लागली. १९८७ साली मुंबईतच एका परदेशी बँकेने देशातले पहिले एटीएम बसवले. बँकेच्या कर्मचारी संघटनांचा संगणकाला विरोध होता, त्यामुळे वेग मंद राहिला. पण नव्वदीनंतर एटीएम शहराशहरांत पसरले आणि त्यांनी रोखीला मारले नाही, उलट सोपे केले. पूर्वी पैसे काढायचे तर स्लिप भरा, टोकन घ्या, कॅशियरच्या खिडकीशी उभे राहा, आणि हे सगळे दुपारी बँक बंद होण्याच्या आत. आता रात्री दहा वाजताही नोटा हाती येऊ लागल्या. पगार खात्यात जमा होई, म्हणजे एका टोकाची रोख गेली. पण कार्डाचा उपयोग बहुसंख्य लोक एटीएममधून नोटा काढण्यापुरताच करत. दुसरे टोक रोखीचेच राहिले.

त्या टोकापर्यंत पोहोचायला जे लागले ते हळूहळू आणि वेगवेगळ्या हातांनी उभे राहिले. २००४ साली मोठ्या रकमांसाठी आरटीजीएस, २००५ साली एनईएफटी. डिसेंबर २००८ मध्ये मुंबईत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, स्थापन झाली. तिच्यामागे रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना होती. तिने नोव्हेंबर २०१० मध्ये आयएमपीएस आणली. रविवारी, सुट्टीत, मध्यरात्रीही एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तत्काळ पैसे जाऊ लागले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. ऑगस्ट २०१४ पासून जनधन खाती उघडली जाऊ लागली. ११ एप्रिल २०१६ रोजी रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयचे उद्घाटन मुंबईत झाले आणि ऑगस्टअखेर बँकांची यूपीआय ॲप येऊ लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले आणि मोबाईल डेटाचे दर कोसळले. खाते, ओळख, मोबाईल, स्वस्त इंटरनेट आणि बँकांना जोडणारी तार, हे सगळे काही वर्षांत एकत्र आले होते.

यूपीआयची रचना थोडी उलगडून पाहण्यासारखी आहे. ग्राहक दुकानदाराचा क्यूआर स्कॅन करतो. त्या चौकटीत पैसा नसतो, असतो तो फक्त दुकानदाराचा पत्ता. ग्राहक रक्कम टाकतो, पिन देतो. विनंती एनपीसीआयकडे जाते, एनपीसीआय ग्राहकाच्या बँकेला खात्यातून रक्कम वजा करायला सांगते, ती झाली की दुकानदाराच्या बँकेला जमा करायला सांगते. हे काही सेकंदांत होते. बँकांनी एकमेकींचे देणे रिझर्व्ह बँकेतल्या आपापल्या खात्यांतून भागवायचे असते, ते दिवसातून ठरावीक वेळा, एकगठ्ठा. म्हणजे काशीच्या पेढीचा जुना हिशेबच हा. फक्त दोन्ही टोकांची रोख गेली आहे आणि सावकाशीही.

अशा वेळी, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. या वेळी बाद झालेल्या नोटा श्रीमंतांच्या तिजोरीतल्या नव्हत्या. त्यांची किंमत १५ लाख ४१ हजार कोटी रुपये होती, चलनातल्या एकूण किमतीच्या ८६ टक्के. पाचशेची नोट बांधकामावरच्या गवंड्याच्या, भाजीवालीच्या आणि शेतकऱ्याच्या हातातली होती. बहुतेक काळा पैसा रोखीत नसून सोने आणि स्थावर मालमत्तेत आहे, हे रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाने त्याच दिवशीच्या बैठकीत नोंदवले होते. निर्णय तरीही झाला.

पुढचे पन्नास दिवस लोकांनी रांगेत काढले. दोन हजारांची नवी नोट जुन्या नोटांपेक्षा लहान होती, त्यामुळे ती एटीएमच्या कप्प्यांत बसेना. देशातल्या दोन लाखांहून अधिक यंत्रांपाशी तंत्रज्ञाने प्रत्यक्ष जाऊन कप्पे आणि सॉफ्टवेअर दोन्ही बदलणे भाग होते. तोवर यंत्रे शंभरच्या नोटांवर चालली आणि त्या तासाभरात संपत. दोन हजारांची नोट मिळाली तरी तिचे सुटे कोणी देईना. नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी या चारही छापखान्यांत रात्रंदिवस काम चालले, तरी रद्द झालेल्या नोटांची जागा भरायला महिने लागणार होते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आणखी एक घाव बसला. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला आणि बदलून द्यायला मनाई केली. या बँकांतून काळा पैसा पांढरा होईल, अशी शंका होती. पण राज्यातल्या शेतकऱ्याचे खाते, पीककर्ज आणि दुधाचे पैसे याच बँकेत असतात. खरिपाचा माल निघालेला, रब्बीची पेरणी तोंडावर आलेली, आणि गावातली एकमेव बँक हतबल. नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव काही दिवस थांबले, कारण व्यापाऱ्यांकडे शेतकऱ्याला द्यायला रोख नव्हती. मनाईच्या आधीच्या चार दिवसांत जिल्हा बँकांनी घेतलेल्या नोटा त्यांच्या तिजोऱ्यांत अडकून राहिल्या. त्या रिझर्व्ह बँकेत भरायची परवानगी मिळायला जून २०१७ उजाडला. या काळात शेतकऱ्याची झालेली हेळसांड कोणत्याही अर्थशास्त्राने समर्थनीय ठरत नाही.

याच काळात 'कॅशलेस' हा शब्द घरोघर पोहोचला. डिसेंबर २०१६ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. दुकानदारांना कार्डाची यंत्रे दिली गेली, वडापावही कार्डावर मिळू लागला, वृत्तवाहिन्या आल्या. बँकेत नोटा पुन्हा मिळू लागल्या तशी ही यंत्रे मागे पडत गेली, हे पुढे तिथून आलेल्या बातम्यांतून दिसले. सरकारी आदेशाने गाव रोखीतून बाहेर काढता येत नाही.

यूपीआय नोटाबंदीमुळे वाढले, असे आजही सर्रास म्हटले जाते. आकडे त्याला नीटसा दुजोरा देत नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये, टंचाई ऐन भरात असताना, देशभरात महिन्याचे यूपीआय व्यवहार वीस लाखांच्या आसपास होते. तेव्हा धावली ती मोबाईल पाकिटाची (वॉलेट) ॲप. दुसरीकडे, ऑगस्ट २०१८ पर्यंत स्पष्ट झाले की रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के बँकांत परत आल्या. जानेवारी २०१७ च्या सुरुवातीला चलनातली रोख नऊ लाख कोटींवर उतरली होती. मार्च २०१८ पर्यंत ती १८ लाख कोटींच्या पुढे गेली, म्हणजे घोषणेच्या आधी होती त्याहूनही वर. लोकांनी संधी मिळताच नोटा परत घेतल्या.

यूपीआय खऱ्या अर्थाने पसरले ते त्यानंतर, आणि त्यामागची कारणे साधी होती. कार्डाच्या यंत्राला हजारो रुपये लागत, वर महिन्याचे भाडे आणि प्रत्येक विक्रीमागे बँकेचा वाटा. क्यूआरला एक छापलेला कागद पुरतो. जानेवारी २०२० पासून सरकारने यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेण्यास मनाई केली. त्याच सुमारास रक्कम बोलून सांगणारी छोटी खोकी टपऱ्यांवर दिसू लागली. गर्दीच्या वेळी वडे तळणाऱ्याचे हात पिठात आणि तेलात असतात, त्याला मोबाईल उघडून मेसेज पाहता येत नाही. पंधरा रुपये आल्याचे त्याला कानावर पडले की तो वडापाव पुढे करतो. यूपीआय फुटपाथवर टिकले त्यात या खोक्याचा वाटा मोठा आहे. मग करोना आला आणि नोटेला हात लावायचीही लोकांना भीती वाटू लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याचे व्यवहार पहिल्यांदा १०० कोटींवर गेले, ऑगस्ट २०२३ मध्ये १,००० कोटींवर आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींवर. दोन्ही टोकांची रोख जाणे म्हणजे काय, हे आता चहाच्या टपरीवर रोज दिसते.

आणि तरीही नोटा वाढतच गेल्या. करोनाच्या पहिल्या वर्षात, यूपीआय झपाट्याने वाढत असतानाच, चलनातली रोख सोळा टक्क्यांहून अधिक वाढली. माणसे नोटा वापरत नव्हती, पण घरात ठेवत होती. उद्या टाळेबंदी कडक झाली, दवाखान्यात रात्री पैसे लागले, तर हाताशी असावेत म्हणून. मार्च २०२५ अखेर चलनातल्या नोटांची किंमत ३६ लाख कोटींच्या पुढे होती, नोटाबंदीच्या आधीच्या दुप्पट. हा विरोधाभास वाटतो, पण नोटेच्या दोन कामांत फरक केला की उलगडतो. नोट एकतर हातोहात फिरते किंवा कपाटात बसते. फिरण्याचे काम तिच्याकडून झपाट्याने जात आहे. रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याच्या एका अभ्यासानुसार ग्राहकांच्या खर्चातला रोखीचा वाटा २०२१ च्या पहिल्या तिमाहीत ८१ ते ८६ टक्के होता. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत तो ५२ ते ६० टक्क्यांवर आला. तीन वर्षांत एवढी घसरण म्हणजे सवयच बदलली. कपाटात बसण्याचे काम मात्र तिच्याकडेच आहे. मार्च २०२५ अखेर चलनातल्या नोटांच्या किमतीत पाचशेच्या नोटेचा वाटा ८६ टक्के होता. रोख भाजीपाल्यासाठी फिरत असती तर हे चित्र असे नसते. अर्थव्यवस्थेशी तुलना केली तर रोखीचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण नोटाबंदीआधी सुमारे बारा टक्के होते, करोनात चौदाच्या वर गेले आणि नंतर पुन्हा बाराच्या खाली उतरले. म्हणजे रोख रकमेने वाढते आहे, पण देशाच्या एकूण व्यवहारात तिचा वाटा उतरतो आहे.

रोख खरोखर संपत आलेला देश पाहायचा तर स्वीडन. युरोपातल्या पहिल्या बँकनोटा १६६१ साली तिथेच निघाल्या, योहान पाल्मस्ट्रुखच्या स्टॉकहोम्स बँकोने त्या काढल्या आणि प्रमाणाबाहेर काढल्याने बँक बुडाली. आता नोटांचा शेवटही तिथेच आधी दिसू लागला. २०१२ साली मोठ्या बँकांनी मिळून स्विश हे मोबाईल ॲप आणले. शेवटची खरेदी रोखीने केली असे सांगणारे लोक २०१० साली ३९ टक्के होते, २०२० साली ९ टक्के उरले. बँकांच्या शाखा रोख स्वीकारेनाशा झाल्या, दुकानांत 'रोख चालणार नाही' अशा पाट्या लागल्या. तेव्हा सरकार सावध झाले. २०१८ साली युद्ध किंवा आपत्तीत काय करावे याची पुस्तिका सरकारने घरोघर पाठवली, त्यात घरात छोट्या किमतीच्या नोटा ठेवा असा सल्ला होता. २०२१ पासून मोठ्या बँकांवर रोखसेवा देण्याचे कायदेशीर बंधनही आले. वीज आणि नेटवर्क बंद पडले तर चालेल असे एकच साधन आहे आणि ते हातून जाऊ देणे परवडणारे नाही, हे या देशाला रोख जवळजवळ गमावल्यावर उमगले.

भारतातल्या २०२२ ते २०२५ या काळातल्या घडामोडी याच्याशी ताडून पाहाव्या लागतात. १९ मे २०२३ रोजी दोन हजारांची नोट मागे घेतल्याची घोषणा झाली. साडेतीन लाख कोटींहून अधिक किमतीच्या या नोटांपैकी ९८ टक्क्यांहून जास्त परत आल्या, आणि या वेळी रांगा लागल्या नाहीत, कारण ती नोट बाद केली नव्हती आणि मुदतही पुरेशी होती. २०१६ साली हे करता आले नसते असे कोणी म्हणू शकत नाही. १ डिसेंबर २०२२ पासून मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि भुवनेश्वर इथे रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया सामान्यांसाठी सुरू झाला. ही खुद्द रिझर्व्ह बँकेचीच इलेक्ट्रॉनिक नोट, पण मार्च २०२५ अखेर तिची किंमत सुमारे हजार कोटी, म्हणजे ३६ लाख कोटींच्या कागदापुढे नगण्य. यूपीआय असताना तिची गरज कशासाठी, हे ग्राहकाला अजून पटलेले नाही. मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय काही वेळा अडखळले आणि खिशात नोट न ठेवणारे लोक दुकानांच्या गल्ल्यांपुढे अडकून पडले. जुलैमध्ये बंगळूरच्या छोट्या विक्रेत्यांना त्यांच्या यूपीआय जमेवरून कराच्या नोटिसा गेल्या, आणि काही दिवसांतच क्यूआरच्या जागी 'फक्त रोख' अशा चिठ्ठ्या लागल्या. क्यूआर मागे आपल्या व्यवहाराची नोंद ठेवतो, रोख ठेवत नाही. करबुडव्याला ही रोखीची सोय वाटते, पण आपला प्रत्येक खर्च कुणाच्या तरी वहीत उतरू नये असे वाटणाऱ्या प्रामाणिक माणसालाही ती तितकीच हवी असते.

एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममधल्या निदान एका कप्प्यातून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. हा आदेश काढावा लागला, यातच रोखीच्या आजच्या स्थितीचे वर्णन आहे. पाचशेची नोट कपाटात सुरक्षित आहे, तिला क्यूआरचा धोका नाही. धोका आहे तो दहा, वीस आणि शंभरच्या नोटांना आणि त्या जिथे मिळतात त्या खिडक्यांना. स्मार्टफोन नसलेली म्हातारी, रोजंदारीवरचा मजूर, रेंज नसलेल्या पाड्यावरचा दुकानदार आणि हातातल्या नोटेच्या आकारावरून ती ओळखणारा अंध माणूस यांचे व्यवहार याच नोटांवर चालतात. भारतातून रोख नजीकच्या काळात जाणार नाही, पण छोटी रोख दुर्मिळ होऊ शकते. ती सहज मिळत राहील हे पाहणे रिझर्व्ह बँकेचे आणि सरकारचे काम आहे. ते बँकांच्या नफ्या-तोट्यावर सोडून चालणार नाही.